नकाराचं कारण

वस्तूतली खोट काढण्याची जेवढी हौस माझ्या साडूंना होती, तेवढी पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आणखी कुणाला असेल असं मला वाटत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. निरोप समारंभात कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर दुसऱ्याच दिवशी यांनी ते परत नेऊन दिलं, का, तर तासकाटा किंचित तिरका बसलाय. रहाटणीच्या मंडईत ते लांबून दिसले की भाजीवाल्या मावशी वांग्यांवर पोतं ओढून घ्यायच्या. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन त्यांनी आधी तिचे कोपरे एकमेकांवर ठेवून पाहिले आणि मगच लग्न कुणाचं ते वाचलं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, नाकारलेल्या प्रत्येक वांग्याला ते कारण सांगत. मावशी वैतागून म्हणायच्या, "काका, नको असंल तर ठिवा की खाली, भाषण कशापायी?" त्यावर हे शांतपणे म्हणत, "कारण न सांगता माल परत करणं म्हणजे समोरच्याचा अपमान आहे, मावशी."

निवृत्तीनंतर असा माणूस घरात बसला तर ताईंचं काय होईल, या काळजीत आम्ही सगळे होतो. पण त्यांची गाठ कासारवाडीतल्या एका संस्थेशी पडली. संस्था म्हणजे स्टेशनजवळच्या पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. लातूरकडच्या एक बाई ती चालवायच्या. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस मशीनवर बोटं गेलेले कामगार तिथे येत. त्यांना दवाखान्यात नेणं, विम्याचे अर्ज भरून देणं, मालकाकडे सोबत जाणं, एवढंच काम. साडू पहिल्यांदा गेले ते गिरणीत दळण टाकायला. पीठ जाडसर आलंय म्हणून भांडत उभे असताना जिन्यावरून दोन पोरं उतरली, दोघांच्याही उजव्या हाताला पट्ट्या. ते त्या दिवशी पीठ न घेताच घरी आले. मला फक्त एकदा म्हणाले, "साडूबुवा, मी तीस वर्षं पत्र्याचे भाग तपासले. ते दाबणाऱ्यांचे हात कधी तपासले नाहीत." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून संस्थेत जाऊ लागले.

संस्थेला मदत यायची ती परदेशातून, आमच्या पट्ट्यातल्या गाड्या जिथे विकल्या जातात त्याच एका देशातून. तिकडच्या संस्थेचा वर्षाकाठी एक फॉर्म यायचा आणि त्यात 'यशोगाथा' नावाची चौकट असायची. साडूंना ती चौकट बघवेना. बाईंनी चार छान गोष्टी लिहून दिल्या, तर यांनी मागे तीन पानं जोडली. ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांची यादी. प्रत्येकापुढे कारण, कुणाचा मालक पळाला, कुणाची हजेरीच लावलेली नव्हती, कुणी कंटाळून गावी गेला. 'लाभार्थी' हा शब्द त्यांनी सगळीकडे खोडून 'कामगार' केला होता. बाईंनी कपाळाला हात लावला. "सर, असं पाठवल्यावर कोण मदत देईल आपल्याला?"

झालं उलटंच. तिकडच्या एक मॅडम ती पानं वाचून खास भेटायला आल्या. गिरणीच्या धडधडीत बाई दुभाषाचं काम करत होत्या. मॅडमनी विचारलं, आम्ही आणखी काय करावं? साडू म्हणाले, "गाडी घेताना दार नीट लागतंय का ते तुम्ही बघताच. ते दार कुणी दाबलं, हेही विचारत चला." बाई जरा घुटमळल्या, पण त्यांनी भाषांतर केलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्यांनी साडूंचा हात दोन्ही हातांत धरला, आणि पुढच्या महिन्यात पत्र आलं. श्रीमंत देशांनी गरीब देशांना मदत कशी करावी, आणि ती ठरवताना अशा लहान संस्थांचं ऐकावं की नाही, यावर मोठी आंतरराष्ट्रीय बैठक होती. तिथे साडूंना कासारवाडीतूनच, कॉम्प्युटरवरून तीन मिनिटं बोलायचं होतं.

त्या तीन मिनिटांची तालीम आमच्या हॉलमध्ये पंधरा दिवस चालली. माझी बायको मोबाइल घेऊन वेळ लावायची. "'अत्यंत' काढा," ते स्वतःलाच सांगत. "'अत्यंत'ने काय वाढतं? रिजेक्ट." प्रत्यक्ष दिवशी दुपारी आम्ही सगळे त्या दोन खोल्यांत जमलो. बोटं गेलेले सात-आठ कामगार शिफ्ट बुडवून आले होते. साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर मंत्री बोलले, बँकांचे साहेब बोलले, मग पुन्हा मंत्री. प्रत्येकाने लहान संस्थांचं महत्त्व सांगितलं. सांगता सांगता वेळ संपला. उरलेल्या वक्त्यांनी म्हणणं लेखी पाठवावं, अशी पाटी आली आणि पडदा काळा झाला. मागून एका कामगाराने विचारलं, "सर, आता तुमचा नंबर का?" साडूंनी घडी घातलेला कागद खिशात ठेवला. "लेखी पाठवायचंय," म्हणाले. पाठवलंही. उत्तर आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसरा कागद आला. परदेशी मदत घ्यायला सरकारी परवानगी लागते आणि ती ठरावीक वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. संस्थेचा अर्ज नाकारला होता. दोन ओळींचं पत्र. साडूंनी ते उलटं करून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं.

"कारण कुठाय?"

"नाही लिहिलेलं, सर," बाई म्हणाल्या.

"लिहिलेलं नाही म्हणजे? नखाएवढ्या वॉशरलासुद्धा मी कारणाची चिठ्ठी बांधलीय!"

ते पुण्यातल्या एका कचेरीत गेले. मी सोबत होतो. तिथला कारकून भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "काका, जे पत्र तुम्हाला दिसतं तेच मला दिसतं. कारण मलापण दिसत नाही." साडूंनी वरच्या साहेबांना पाच पत्रं लिहिली. प्रत्येकात शेवटचं वाक्य एकच होतं, चूक दाखवावी, दुरुस्त करू. चूक दाखवली की माल दुरुस्त होतो, या एका विश्वासावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. आणि इथे चूकच कुणी दाखवत नव्हतं. मग ते स्वतःच शोधायला लागले. संस्थेच्या जुन्या फायली घरी आणून ओळ अन् ओळ तपासली. एका दुपारी मी गेलो, तर फायलींच्या मध्ये बसून त्यांनी विचारलं, "साडूबुवा, मी ती यादी जोडली, त्यामुळे तर झालं नसेल हे?"

मी म्हणालो, "छे हो, तसं कसं होईल?" पण ठासून सांगण्यासारखं माझ्याकडे तरी काय होतं? त्यांना ते कळलं.

खोल्या सोडाव्या लागल्या. बाईंना एका कंपनीच्या समाजकार्य विभागात नोकरी मिळाली. शाळांच्या भिंती रंगवण्याचं काम आहे, आणि त्या मन लावून करतात. निघताना त्या जिन्यात बसून रडल्या. साडू वर खोलीतल्या फळ्यावरची कामगारांची नावं पुसत होते.

कामगार मात्र यायचे थांबले नाहीत. गिरणीवाले खालूनच सांगतात, "ते बंद झालं. रहाटनीला जावा, काका हायेत तितं." गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा जालन्याकडचा एक माणूस सोफ्याच्या कडेवर बसला होता, पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. ताईंनी दिलेला चहा त्याला डाव्या हाताने जमत नव्हता. साडू त्याचा अर्ज लिहीत होते. लिहून झाल्यावर मला म्हणाले, "सोमवारी याला विम्याच्या ऑफिसात न्यायचंय. तुम्ही येता का? एकटा गेलो की विचारतात, तुम्ही यांचे कोण? दोघं असलो तर संस्थेचे आहोत म्हणता येतं."

सोमवारी मला खरंच तसं काही काम नव्हतं. तरी मी म्हणालो, "बघतो, बहुतेक जमायचं नाही." ते म्हणाले, "असू द्या, असू द्या," आणि कारण न विचारता पत्ता नीट लिहिला आहे का ते पुन्हा पाहू लागले.

सोमवारी सकाळी दूध घेऊन परतताना मला ते दोघं बसथांब्यावर दिसले. त्या माणसाची पिशवी साडूंनी आपल्या खांद्याला लावली होती. बस भरलेली आली. त्यांनी आधी त्याला वर चढवलं, त्याचा चांगला हात दांडीवर ठेवून दिला आणि मग स्वतः पायरीवर जागा केली. मी रस्त्याच्या अलीकडे उभा होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.