एका अक्षराचा दावा

एका पोलीस साहेबाने आमच्या मासळी बाजारातल्या एका माणसाला एका अक्षरात फसवलं. ‘चा’ लिहायचा होता तिथे त्याने ‘ला’ लिहिला. त्या अक्षरापायी माणसाची नऊ वर्षं तुरुंगात गेली. आणि ते वाक्य कागदावर ज्याच्या नावाने आहे, तो साक्षीदार मी.

तुम्ही पनवेलच्या बाजारात सकाळी लवकर गेला असाल तर घाऊक विक्री पाहिली असेल. उरणकडून, खाडीकाठच्या गावांतून होडीवाल्यांच्या पाट्या टेम्पोने येतात आणि विकणारा त्या पुकारून विकतो. हा आमचा माणूस विकणारा होता. शिरढोणच्या पुढच्या एका गावातला, आगरी. पाटीच्या काठावर तळहाताने दोनदा थाप मारायची आणि समोरच्या बाईकडे न बघता म्हणायचं, “बोल, नायतं उचल.” उचल म्हणजे पाटी नव्हे, आपला पाय. बायका त्याला तोंडावर शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच पाटीपुढे बसायच्या. तो वजनात खोट करत नसे.

मी घाटावरून आलेला. या बाजारात पाठीवर बर्फाच्या लाद्या वाहून सुरुवात केली. पुढे माझा स्वतःचा बर्फाचा कारखाना झाला, गाडी झाली, लोक शेट म्हणू लागले. त्याने शेवटपर्यंत ‘बरफवाल्या’ सोडून दुसरी हाक मारली नाही. आमचं रोज भांडण. “ही लादी हाय का साबनाची वडी रं, बरफवाल्या?” तो विचारायचा. मी म्हणायचो, “दादूस, तुझ्या बोंबलापेक्षा तरी जाड आहे.” अर्धा तास घासाघीस करून आम्ही कालच्याच भावावर यायचो. एखाद्या दिवशी मी घाईत त्याचा पहिला भाव मान्य केला तर तो नाराज व्हायचा. “बरा नाय का तुला?” असं विचारायचा.

आता ते वाक्य. आमच्या बाजारात ‘माल’ हा शब्द कोणी बोलत नाही. रघूचा खपवला, बाळूचा खपवला, असं म्हणतात. म्हणजे रघूचा माल विकला. बाहेरच्या माणसाला खपवला म्हटलं की ठार मारला असंच ऐकू येतं.

उरणचा एक होडीवाला होता. त्याच्या पाटीत वर ताजी आणि खाली शिळी मासळी निघाली म्हणून आमच्या माणसाने त्याला भर बाजारात झापलं होतं. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी सहज विचारलं, “दादूस, त्या उरणवाल्याची पाटी दिसत नाही आज?” तो हात धूत होता. म्हणाला, “त्याचा तं मी सकालीच खपवला.”

दोन दिवसांनी उरणवाल्याचं प्रेत खाडीत सापडलं. मान कापलेली. त्याच्या गावचे लोक रस्त्यावर बसले. साहेबांना आरोपी हवा होता, तोही लगेच. भांडण सगळ्यांनी ऐकलेलं होतंच. पाट्यांची दोरी कापायचा कोयता आमच्या माणसाच्या कमरेला रोजच असायचा.

मला बोलावलं. मी झालं ते सांगितलं. साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून नुकतेच आलेले. त्यांनी विचारलं, “खपवला म्हणजे काय?” मी सांगितलं, “विकला, साहेब. माल विकला. इथे असंच बोलतात.” ते हसले आणि लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणाले, “लिही, त्याला मी सकाळीच खपवला.” मी म्हटलं, “त्याला नाही, त्याचा.” ते म्हणाले, “शेट, व्याकरण आम्हाला नका शिकवू.”

मी बर्फाच्या मशीनचा करारसुद्धा तीनदा वाचून सही करणारा माणूस. तो कागद मी पाहिलाही नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, हे मला नंतर वकिलाने सांगितलं. नाहीतर तिथेच फाडला असता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे दाव्यात तीच महत्त्वाची ठरली. प्रेत सापडायच्या महिनाभर आधी साहेबांचा माणूस बाजारात पापलेट न्यायला आला होता. चार चांगली निवडून पिशवीत टाकली आणि निघाला. आमच्या माणसाने पाटीवर थाप मारली. “बोल, नायतं ठेव.” तो म्हणाला, “साहेबांसाठी आहेत.” हा म्हणाला, “मंग साहेबालाच बोलाला पाठव. तुज्या तोंडाला तं भाव येत नाय.” सगळा बाजार हसला. समोरची कोळीण मावशी तर पदर तोंडात धरून हसली. ते हसू साहेबांच्या कानावर गेलं असणार.

खटल्यात मी शपथेवर ‘त्याचा’च म्हणालो. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं. दुसरा एक साक्षीदार, साहेबांच्या ओळखीचा, ‘त्याला’ म्हणाला. जन्मठेप झाली. बाजारात काही दिवस लोक मला फितूर म्हणत होते. दोघांच्या थोबाडीत दिली तेव्हा थांबले.

मी वर्षातून दोनदा तुरुंगात भेटायला जायचो. काचेपलीकडे तो, अलीकडे मी, हातात फोन. पहिला प्रश्न ठरलेला. “आज बोंबील कसा?” मी भाव सांगायचो. तो मान हलवायचा. “जास्ती बोलतंय. दुपारपर्यंत उतरंल.” एकदा मला खरा भाव ठाऊक नव्हता, मी ठोकून दिला. तो म्हणाला, “बाजारात गेला नव्हतास तं तसा सांग ना रं.” पुढच्या वेळेपासून मी आधी बाजारात जायचो, मग तुरुंगात.

त्या वर्षांत त्याची बायको गेली. मुलीचं लग्न मामांनी लावलं. सासरी तिने बाप वारला म्हणून सांगितलेलं. तिला मी दोष देत नाही.

नऊ वर्षांनी उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्या सकाळच्या विक्रीची पावती पोलिसांच्या कागदांत पहिल्यापासून होती, उरणवाल्याच्या नावाची. ती खटल्यात पुढे आणलीच नव्हती. खून कोणी केला ते आजवर कळलेलं नाही. तुरुंगाच्या दारात त्याला घ्यायला मी एकटा होतो. त्याने माझी गाडी सगळीकडून फिरून पाहिली आणि म्हणाला, “माज्या बरफावर घेतलीस ना?”

सुकापूरला एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. खालून कोणी ओळखीचं जातंय का म्हणून तो खिडकीत बसायचा. कोणी जात नसे. बाजारात त्याला दोन पाट्या विकायला दिल्या, मीच शब्द टाकला. मला वाटलं, आता माणूस मार्गी लागला.

आठवड्याने माझ्या कारखान्यात येऊन तो बाकावर बसला. म्हणाला, “कोन भांडत नाय रं माज्याशी.”

मला आधी कळलं नाही. मग दुसऱ्या दिवशी मी बाजारात उभं राहून पाहिलं. त्याने थाप मारली, “बोल, नायतं उचल,” म्हणाला. समोरच्या बाईने त्याने सांगितलेला भाव मुकाट मान्य केला. तिच्या मागचीनेही. त्याने मुद्दाम दुप्पट सांगितला, तोही मान्य. कोळीण मावशी, जिने याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असेल, ती खाली बघून मासे उचलत होती. मी तिला बाजूला घेतलं. “मावशी, घासाघीस कर ना त्याच्याशी.” ती म्हणाली, “नको रं बाबा. सुटून आलाय, मान्य हाय. पन आला तं तितूनच ना?”

निर्दोष ठरला असं कोणी म्हणत नव्हतं. सुटला म्हणत होते.

त्यानंतर मी रोज त्याच्याकडे जाऊन भांडायचो. खोलीत ना पाटी ना बर्फ. तो चहा करायचा, मी चहाला नावं ठेवायचो. पण मी एकटा किती भांडणार?

दाव्याची कल्पना त्याची. पनवेलच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी नीट समजावलं. नुसतं सुटणं पुरत नाही. खटला खोटा आहे हे साहेबांना माहीत होतं आणि मनात डूख धरून त्यांनी तो केला, हे आपल्याला सिद्ध करावं लागेल. मुदत थोडी आहे, आधी नोटीस द्यावी लागेल. मग त्यांनी विचारलं, “काका, भरपाई किती मागायची?”

मी आकडा सांगायला तोंड उघडलं. त्याने माझ्या मांडीवर थाप मारली. “तुमी लावा काय तं. मना फकस्त त्याला इचारायचा हाय. समोर उभा करून. तुला मायती व्हता का नव्हता?”

“एवढंच?” वकीलबाई म्हणाल्या.

“तो हो बोलला, की बाजार माज्याशी भांडंल.”

दावा लागला. तारखा सुरू झाल्या. आधी त्याची साक्ष झाली, मग माझी. पापलेटांची गोष्ट मी सांगितली, ‘विकला, साहेब’ हेही सांगितलं. निवृत्त साहेब एकदाही आले नाहीत. कधी त्यांचं पोट, कधी गुडघा.

मग एक दिवस त्यांचा मेहुणा माझ्या कारखान्यात आला. तडजोड करू म्हणाला. आणि इथे मी चुकलो. समोर कोणी भाव बोलला की माझी जीभ आपोआप चालते. दोन तास बसून मी त्याला पार वाकवला. दावा मागे घ्यायचा, रक्कम अशी की सुकापूरची खोली आमच्या माणसाच्या नावावर झाली असती. मी पेढे घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. पेढा हातात तसाच होता.

“साहेब काय बोलला?”

“साहेब नव्हता. मेहुणा होता.”

“म्हंजे तो कायच बोलला नाय.”

“दादूस, अरे पण…”

“बरफवाल्या,” तो म्हणाला, “तू माजा पन खपवलास?”

महिनाभर त्याने दार उघडलं नाही. मी जिन्यातून ओरडायचो, शिव्या द्यायचो, शेजारी बाहेर यायचे. शेवटी मी मेहुण्याला फोन करून तडजोड मोडली आणि ते दाराबाहेरून ओरडून सांगितलं. आतून आवाज आला, “चाय पिनार का? वाईटच हाय.”

कोर्टाने शेवटी साहेबांना बजावलं. या तारखेला हजर व्हा, नाहीतर तुमच्याशिवाय निकाल देऊ. त्यांच्या वकिलाने येतील म्हणून लिहून दिलं. आमच्या माणसाने पांढरा सदरा शिवून घेतला. वकीलबाईंनी बजावलं होतं की प्रश्न त्या विचारणार, त्याने बोलायचं नाही. तरी तो खिडकीत उभा राहून प्रश्न घोकायचा. माझ्याकडून शहरी बोलीत म्हणून घ्यायचा. “माहीत होतं,” मी म्हणायचो. “मायीत होता,” तो म्हणायचा. मग म्हणायचा, “राहू दे. त्याला आता आमची बोली समजत असंल.”

तारखेच्या अठरा दिवस आधी तो गेला. त्याने दूध आत घेतलेलं नाही म्हणून शेजारच्या बाईने मला फोन केला. खिडकीजवळच्या खुर्चीत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. मुलगी आली, नवऱ्याला घेऊन आली. स्मशानात बाजारातली बरीच माणसं होती. तिथेही सगळे मुकाट.

मला वाटलं, दावा तर आहे. साहेब उभे राहतील, वकीलबाई विचारतील. वकीलबाईंनी मुलीचं नाव लावायचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. असा दावा माणसाच्या अंगाचा असतो, त्यांनी सांगितलं, माणूस गेला की दावाही जातो. वारसाला पुढे नेता येत नाही. कागदावर एक ओळ: वादी मयत, दावा उपशमित. उपशमित म्हणजे शांत झाला. मी कोर्टात ओरडलो, “कोण शांत झालं?” शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

कायदा असेल तसा. वादी मयत आहे, पण प्रतिवादी जिवंत आहे आणि साक्षीदारही. साहेब, तुमचं घर मी शोधून काढलंय. दोनदा फाटकाशी उभा राहिलो, दोनदा तुमच्या मेहुण्याने साहेब झोपलेत म्हणून सांगितलं. मला तुमचा पैसा नको, तुमची माफी नको, तुमच्याशी भाव करायचा नाही. मला हो किंवा नाही हवं आहे, तुमच्या स्वतःच्या तोंडून, बाजारात, सकाळच्या वेळी, सगळ्या बायका बसलेल्या असताना. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

बोला.