चमच्याचा चाफा

आमच्या घरात काट्या-चमच्याने जेवणारं कुणी नव्हतं. आम्ही वसईजवळच्या होळी गावातली वाडीवाली माणसं. भात हाताने कालवायचा आणि शेवटी बोटं चाटायची. चमचा लागायचा तो औषधाला, नाहीतर बाबांच्या डब्याला. तरी आमच्या ओटीवर एक लाकडी खोका काट्या-चमच्यांनी भरलेला असे. त्याला कारण आमचे आजोबा. त्यांना सगळं घर तात्या म्हणे.

तात्यांनी जन्मभर वाडीतली फुलं मुंबईला नेली. बहुतेक टोपल्या दादरच्या बाजारात रिकाम्या व्हायच्या. थोडी फुलं फोर्टातल्या एका हॉटेलात टेबलांवर ठेवायला जायची. तिथला कोठीवाला वाकलेले, मुलामा उडालेले काटे-चमचे तात्यांना देऊन टाकी, आणि तात्या फुकट मिळालेली वस्तू कधी नाकारत नसत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, टोपल्या माझ्या चुलतभावाच्या डोक्यावर गेल्या आणि तात्या घरी बसले. पण नुसतं बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. एका सकाळी खोक्यातला एक चमचा उपडा धरून त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "अरेच्चा, ही तर चाफ्याची पाकळी."

मग त्यांना ते वेडच लागलं. चमचा निखाऱ्यात लाल करायचा, गार होऊ द्यायचा, म्हणजे तो मऊ पडे. मग रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवून तो ठोकून चपटा करायचा, पत्र्याच्या कात्रीने पाकळ्या कापायच्या आणि चिमट्याने एकेक पाकळी वळवायची. जास्वंद, अनंत, तगर, सगळं त्यांनी चमच्यांतून काढलं. गणपतीच्या मखराला त्यांनी अख्खी कमान करून दिली. शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी नाताळच्या गोठ्यावर लावायला काट्यांचा तारा करून घेतला. त्या ठोकाठोकीने माझं डोकं उठायचं. तेव्हा मी नववीत होते आणि राग कायम माझ्या नाकावर बसलेला असे.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला आई वेण्या गुंफत बसायची. अबोली, मोगरा, शेवंती, जो हंगाम असेल ते. मांडीवर फुलांचा ढीग, दाताखाली दोरा आणि डोक्यावर पदर. तो पदर मे महिन्यातसुद्धा खाली यायचा नाही. बाबा काविळीने गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दिवसानंतर आईने केसांत फूल घातलं नाही. घालू नको असं तिला कुणी बजावलं नव्हतं. बजावायची गरजच नव्हती, ते तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक असे. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींच्या डोक्यावर तिच्या हातची वेणी असायची. मला याचा भयंकर राग यायचा, पण तो कुणावर काढायचा हेच कळत नसे.

एकदा पाचूबंदरहून येणारी कोळीणमावशी बोंबील निवडून देता देता तात्यांचा कारखाना बघत बसली.

"म्हातारपनी काय खेल मांडलाव हा!" ती म्हणाली. "सगल्यांना फुलं दिलीव. घरच्या सुनेला नाय काय?"

तात्यांची हातोडी थांबली. आई हसून म्हणाली, "मला काय करायचीत फुलं?" तेव्हा तिच्या मांडीवर पायलीभर मोगरा होता.

त्यानंतर तात्या चोरून काहीतरी करू लागले. मी ओटीवर आले की पंच्याखाली झाकायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची ही जुनीच खोड. शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं, माझा नाच होता आणि अंबाड्याला काहीतरी झकपक हवं म्हणून मी महिनाभर भुणभुण लावली होती. तेव्हा ते माझ्यासाठीच असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

गॅदरिंगच्या दिवशी तात्या वाडीत पाणी सोडायला गेले असताना मी त्यांचा पानाचा डबा उघडला. आत केसांचा एक आकडा होता. हॉटेलातल्या काट्याचे मधले दोन दात काढून बाहेरचे दोन लांब केलेले, आणि वर सोनचाफा. अरुंद, जराशा मागे झुकलेल्या पाकळ्या. इतकं नाजूक काम त्यांनी आजवर केलं नव्हतं. मी तो आकडा केसांत खोवला आणि शाळेत गेले. साऱ्या मैत्रिणींनी हात लावून बघितलं. मी हवेतच होते.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर आई समोरच होती. ती आधी हसली. मग माझी मान वळवून तिने आकडा काढून घेतला आणि उजेडात नेला. फुलाच्या देठाजवळ चमच्याच्या दांड्याचा बोटभर तुकडा राहिला होता, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एक अक्षर होतं. बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर.

आईने फळीवरचा बाबांचा डबा काढला. ते गेल्यापासून तो तिथेच असायचा, आत त्यांच्या चमच्यासकट. वर्षातून एकदा, श्राद्धाच्या दिवशी, ती तो खाली घेऊन घासायची. तिने झाकण उघडलं. चमचा नव्हता.

तात्या दारात उभे होते.

"तात्या, त्यांचा चमचा कापलात तुम्ही?" आईचा आवाज चढला नाही.

"कापला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." ते खाली बसले. "आणि आकडा तुझ्यासाठी होता. या भवानीने पळवला."

"मला कशाला?"

"मी दिला असता तर तू घेतला नसतास, हे मला कळतं. सुनेला फूल देणारा मी कोण? म्हणून त्याचाच चमचा घेतला. त्याला तुला फुलं आणायची सवय होती."

आईने चमकून वर पाहिलं.

"दर शनिवारी कामावरून येताना खिशात पुडी असायची त्याच्या," तात्या म्हणाले. "दारात फुलांची वाडी, पण आमच्यासमोर तुला एक फूल द्यायची लाज. म्हणून दादरहून विकत आणायचा, येडा. सकाळी मी नेलेली फुलं संध्याकाळी हा घरी घेऊन यायचा. आपला दोरा मी ओळखत नाही होय?"

आई हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाशी नेला आणि मग ती रडत होती. बाबा गेल्यानंतर मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. मला इतकी शरम वाटली की मी तिच्याच अंगावर ओरडले, "घे ना मग! मला नकोच आहे तो!" आणि तिच्या कुशीत शिरले. आता वाटतं, त्या घरात तिच्यावर इतकं प्रेम होतं आणि ते सांगायला एक मोडका चमचा लागला.

"लोक काय म्हणतील, तात्या?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"लोकांना सांग, म्हाताऱ्याला वेड लागलंय, सुनेच्या डोक्यात चमचे खोवतो."

तिने आकडा डब्यात ठेवला आणि डबा पुन्हा फळीवर गेला. संपलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत ओटीवर आले. आई नेहमीच्या जागी आमच्याकडे पाठ करून शेवंती गुंफत होती. पदर खांद्यावर होता. अंबाड्यात चाफा होता.

तात्या एकच चमचा कितीतरी वेळ ठोकत होते. तो कधीच चपटा झाला होता. शेवटी तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "टोकं टोचत असतील त्याची. आण इकडे, कानस मारून देतो."

"नको," आई म्हणाली. "टोचू दे." आणि तिने पुढचं फूल उचललं.