नुसतं चित्र, चित्र

सकाळपासून मी एकच पान ऐकत होते आणि संगणक एकच बोलत होता, "चित्र. चित्र. चित्र." मला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं तो मला वाचून दाखवतो, पण चित्राला कुणी शब्दच दिले नसतील तर बिचारा वाचणार काय?

पान माझंच होतं. सगळ्यांनी मिळून लिहायच्या एका संकेतस्थळावर मी देऊळघाटच्या आत्याकडून ऐकलेली भुलाबाईची गाणी टाकली होती. कोजागिरीला पोरी म्हणायच्या ती. आता ते पान ठेवायचं की काढायचं यावर तिथं मतं पडत होती आणि संध्याकाळी निकाल होता. ठेवा म्हणणारा हिरव्या ठिपक्याचं चित्र लावतो, काढा म्हणणारा लाल ठिपक्याचं. माझं आधीचं एक पान उडालं, तेव्हा कुठं मला ही पद्धत कळली. मत सगळ्यांना दिसायचं, मला सोडून!

उठले, ओट्याशी गेले, चहा ठेवला आणि उतू घालवला.

जाऊबाई म्हणाल्या, "काऊन येवढी तगमग करून राह्यली वं? मी पाहून सांगू का?"

"नको!" जन्मभर याला विचार, त्याला विचार, हेच केलं. ही एक जागा तरी माझी असू दे ना!

तणतणतच चर्चेत लिहिलं, "ठिपके मला ऐकू येत नाहीत. काय म्हणायचं ते शब्दांत म्हणा."

मग एक "ठेवा" आलं. आणखी एक "ठेवा". आणि मग, "काढा. मोठ्या गाण्याचं शेवटचं कडवं नाही. अर्धवट पान कशाला?"

हात्तिच्या, एवढंच होय! आत्याला फोन लावला. खोकत, दम खात तिनं कडवं म्हटलं.

"झालं का वं तुह्यं?"

"हाव आत्या, झालं."

कडवं टाकलं. थोड्या वेळानं त्याच माणसानं लिहिलं, "आता ठेवा." आणि खाली सवयीनं पुन्हा ठिपका. "चित्र," संगणक म्हणाला. अस्सं डोकं फिरलं माझं!

पान राहिलं. पण मला काही चैन पडेना. आधी उडालेलं ते पान आईच्या गाण्यांचं होतं. तिथंही नुसतं चित्र, चित्र. तिथंही कुणाला एखादं कडवंच हवं असेल.

तेव्हा आई होती.