लेन्सवरचं झाकण

वसुधाताई गेल्याचं मला त्यांच्या फोटोवरून कळलं. धाराशिवच्या ऑफिसात दुपारचा डबा खाऊन हात धुऊन आले, तर मोबाइलवर त्यांचा हसरा चेहरा, गळ्यात कॅमेरा आणि खाली ‘भावपूर्ण आदरांजली’. तो फोटो मीच काढलेला होता, नळदुर्गला, त्यांच्याच कॅमेऱ्यानं... मागं बोरी नदीचं पात्र आणि किल्ल्याचा बुरूज. सोलापुरात हृदयविकाराचा झटका आला, असं कुणीतरी लिहिलं होतं. त्या दिवशी मला नुसतं रडू येत होतं. आता काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर त्या रडण्यात दुसरंच काही मिसळलं आहे. ते लपवून लिहायचं असेल तर लिहूच नये, असं वाटलं.

मी बेंबळीची. आमच्या घरातली पहिली पदवीधर. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, भावकीचं ऐकून घेत मला शिकवलं आणि पहिली नोकरी लागली ती नळदुर्गला. एका धान्य व्यापाऱ्याच्या घरात माडीवरची खोली घेतली. ऑफिस ते खोली आणि खोली ते ऑफिस, एवढंच माझं नळदुर्ग. हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजानं जीव घाबरायचा. शनिवार आला की एसटी धरून गाव गाठायचे. त्याच सुमारास शेजारच्या खोलीत वसुधाताई राहायला आल्या. नाशिककडच्या, बँकेत अधिकारी, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. लग्न केलं नव्हतं. ‘माझं लग्न बदल्यांशी लागलंय,’ असं स्वतःच सांगून मोकळ्या व्हायच्या. एका रविवारी त्यांनी दार वाजवलं.

“मंगल, किल्ल्याकडं येतेस?”

“कशाला?”

“बघायला.”

“मी बघितलाय, शाळेच्या सहलीत.”

“सहलीत भेळ बघितली असशील. चल.”

गळ्यात कॅमेरा अडकवून त्या सकाळभर फिरल्या आणि लेन्सवरचं झाकण एकदाही काढलं नाही. मला वाटलं, विसरल्या. तसं म्हणाले तर हसल्या. म्हणाल्या, “विसरले नाही, ठेवलंय. नव्या गावात आल्या आल्या फोटो काढले की ते कॅलेंडरावरच्या चित्रासारखे येतात. आधी गावाला आपल्याला बघून घेऊ दे.” मग दर रविवारी आम्ही नदीकाठच्या त्याच एका दगडावर जाऊन बसायला लागलो. झाकण तसंच. म्हशी धुवायला येणारा एक माणूस आधी आमच्याकडं संशयानं बघायचा, मग मान हलवायला लागला, मग एकदा म्हणाला, “आज उशीर केलाव.” त्या दिवशी ताईंनी झाकण काढलं. पाण्यातून वर आलेली म्हशीची शिंगं आणि धुक्यात विरलेला बुरूज, असा तो फोटो. मी तोवर किल्ला शंभरदा बघितला असता तरी मला तो तसा दिसला नसता.

पुढं त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. नेम एकच... तोच दगड, तीच दिशा, आठवड्याला एक फोटो. पलीकडच्या रानात ज्वारी पोटरीत आली, करडई पिवळी झाली, पाणी हटून गाळ उघडा पडला, आणि हे सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी टिपत गेले. घरमालकीण महादेवीअक्का आम्हाला चिडवायची, “अय्यो, दर आइतवारी त्यो एकच दगूड! त्येला तरी कटाळा यील की गं.” पण त्या दगडावर बसूनच नळदुर्ग माझं झालं. दर शनिवारी गावाकडं पळणं कधी बंद झालं, ते मला कळलंसुद्धा नाही. परक्या गावात एकट्या बाईनं कसं रुजावं, हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ताईंनी शिकवलं. हे ऋण मी आजही मानते, पुढचं सगळं कळल्यावरही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी त्यांना बेंबळीला घरी नेलं. आबा तसे कमी बोलणारे. पण जेवणं झाल्यावर त्यांनी आपणहून टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “बाई, तुमी माझ्या लेकीला परकं गाव दाखिवलं. चला, म्या बी तुमाला कायतरी दाखिवतो.” आमच्या रानाच्या कडेला मुरमाड माळ आहे. तिथं हिवराच्या झाडाच्या बुडाशी खोकडाचं बीळ होतं. कोल्ह्याहून लहान, मोठ्या कानांचं हे जनावर. आबांनी किती वर्षांपासून तेवढा पट्टा नांगराविना ठेवला होता आणि कारण सख्ख्या भावांनाही सांगितलं नव्हतं. मलाही त्या दिवशीच कळलं. शिकारी जाळी लावतात, कुत्री सोडतात, म्हणून ही गुप्तता. बांधाआड पालथं पडून आम्ही बघितलं, तर खोकडीण बिळाच्या तोंडाशी बसलेली आणि पिल्लं तिच्या शेपटीला झोंबत होती. परतताना आबा एवढंच बोलले, “कुणाला सांगू नका.” आमच्याकडं मातीला हात लावून दिलेला शब्द मोडत नाहीत. ताईंना हे मीच कधीतरी सांगितलं होतं. त्या खाली वाकल्या, तळहात मातीवर टेकला आणि म्हणाल्या, “आबा, ही जागा माझ्याबरोबरच जाईल.”

त्या उन्हाळ्यात त्या अनेकदा आल्या. आबांचाही एक फोटो त्यांनी काढला, बांधावर उभे, खांद्यावर टॉवेल, डोळे लांब माळावर. आबांचा एवढा चांगला फोटो दुसरा नाही. ताईंनी तो फ्रेम करून दिला आणि आबांनी तो देवांच्या तसबिरींशेजारी लावला.

पाऊसकाळात ताईंची सोलापूरला बदली झाली. जाताना जुना कॅमेरा मला देऊन गेल्या. सुरुवातीला फोनवर आवाज उतरलेला असायचा. “इथं कुणी विचारत नाही गं. रविवार खायला उठतो.” मी म्हणायचे, “झाकण लावून फिरा, ताई.” त्या हसायच्या, पण थोडंच. काही महिन्यांनी आवाज खुलला. निसर्गाचे फोटो काढणाऱ्या मंडळींचा एक गट भेटला होता. “फार मोठी माणसं आहेत, आणि केवढाल्या लेन्स!” मला त्यांच्यासाठी बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या माळावर जीपगाड्या आल्या. ठिपक्याठिपक्यांचे कपडे घातलेली माणसं थेट हिवरापर्यंत गाडी घालायची, पिल्लं बाहेर यावीत म्हणून कोंबडीचे तुकडे टाकायची. आबा गाडीला आडवे गेले तर “काका, आम्ही फक्त फोटो काढतो,” म्हणून हसली. खोकडिणीनं पिल्लं हलवायला घेतली. त्यातलं एक डांबरी रस्त्यावर चिरडलेलं सापडलं. आबांनी ते हिवराखाली पुरलं आणि मला फोन केला. “बाईनं सांगितलं,” एवढंच. मी म्हणाले, “आबा, ताईंनी मातीला हात लावलाय. मी जामीन आहे त्यांना.” आबा म्हणाले, “तू जामीन हायस तर मग बोलणं खुंटलं.” तरी मी एकदा ताईंना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, “मंगल... तू मला हे विचारतेस?” मला इतकी लाज वाटली की मी माफी मागितली. आबा परत त्या विषयावर कधी बोलले नाहीत. माझ्याशी बोलणंही त्यांनी थोडं आखडतं घेतलं, पण ते मी वयावर ढकललं.

सोलापूरच्या शोकसभेत मलाही बोलायला सांगितलं होतं. माझ्या आधी त्या गटातले एक गृहस्थ उठले. खरोखर गहिवरलेले होते. म्हणाले, “मॅडम नवीन आल्या तेव्हा आम्ही त्यांना फारसं विचारत नव्हतो. बँकेतल्या बाई, लहान लेन्स. एकदा चहाला बसलो असताना म्हणाल्या, खोकडाची पिल्लं बघायचीत का? बेंबळीजवळ आहेत. आणि कागदावर वाट काढून दिली. त्या दिवसापासून आमच्याच झाल्या. अशी जागा कोण कुणाला देतं? एवढी दिलदार बाई...” लोकांनी माना डोलावल्या. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, नळदुर्गच्या दगडाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि ‘गावाला आधी आपल्याला बघून घेऊ द्यावं’ इथपर्यंत येऊन खाली बसले. सगळ्यांना वाटलं, कंठ दाटून आला.

मला धीर धरायला शिकवणाऱ्या बाईंना सोलापुरात धीर धरवला नाही. माझ्या बापानं जपलेलं बीळ देऊन त्यांनी तिथं बसायला जागा मिळवली. एकटेपणा काय असतो ते मला माहीत आहे, त्यामुळं समजून घ्यायचं म्हटलं तर घेता येईल. पण मला अजून घ्यायचं नाही. जीपगाड्यांपेक्षा मला फोनवरचं ते वाक्य जास्त लागतं. खरं बोलल्या असत्या तर मी रागावले असते, भांडले असते, आणि कदाचित पुन्हा त्या दगडावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलेही असते. त्यांनी माझीच माया माझ्यासमोर धरली आणि मला गप्प केलं.

त्यानंतर बेंबळीला गेले. आबांनी ताईंनी दिलेली फ्रेम ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. मला बघून म्हणाले, “मंगल, म्या त्या बाईवर मनात आळ धरला व्हता. गेलेल्या माणसावर आळ ठिवू न्हाय. तिच्या नावानं येक नारळ फोड देवळात, माझ्याकडून.” गप्प बसले असते तर ताईंचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि आबांचं मनही हलकं झालं असतं. पण जामीन मी राहिले होते. मी म्हणाले, “आबा, नारळ नको. तुमचं खरं होतं.” आणि सभेत ऐकलेलं सगळं सांगितलं.

मी उठून ती फ्रेम काढायला हात लावला, तर आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. त्यात खोकड कुठं हाय? म्याच हाय की.” मग चिलटं हाकलल्यासारखा टॉवेल हलवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, “खोकडं परत आल्यात. मागल्या सालीच.”

“मला नाही सांगितलं?”

“तू तिला सांगितलं असतंस.”

सांगितलंच असतं मी... आनंदानं, लगेच फोन करून.

ऊन उतरल्यावर आबांनी टोपी घातली आणि म्हणाले, “चल.” ही नवी जागा कुठं आहे ते मी इथं लिहिणार नाही. कॅमेरा सवयीनं गळ्यात होता, ताईंचाच, झाकण लावलेला. आम्ही बांधाआड पालथे पडलो. कितीतरी वेळानं गवतात आधी दोन कान दिसले, मग तोंड. मावळतीचं ऊन त्या कानांतून आरपार जात होतं. माझा हात आपोआप झाकणाकडं गेला. आबा खोकडाकडं बघत नव्हते. ते माझ्या हाताकडं बघत होते.

मी हात खाली आणला आणि मातीवर ठेवला.