पहिला मोकळा शनिवार

ऑफिसला पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला असेल. मी सिंदेवाहीला राहते आणि मूल गावातल्या एका खाजगी ऑफिसात क्लार्क आहे. सकाळी आठची बस पकडायची आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. रोजचं काम पाऊण तासानं वाढलं, पण अख्खा शनिवार हाती आला.

आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा शिंपी. बाजारओळीत एका खोलीचं दुकान आहे, तिथे बायकांचे ब्लाउज शिवतात. दुकान रविवारी बंद आणि माझी सुटीही रविवारीच. त्यामुळे नोकरी लागल्यापासून मी त्यांना मशीनवर बसलेलं पाहिलंच नव्हतं. तसं कधी मनातही आलं नाही.

पहिल्या शनिवारी उशिरा उठले. बाबा दुकानात गेले होते. दोन कपाटं आवरली, केस धुतले, तरी दहाच वाजलेले. घरात एवढी शांतता मला सहन होईना. मग भात टाकला, वांग्याची भाजी केली आणि म्हटलं, आज बाबांना गरम डबा नेऊन देऊ.

दुकानासमोर पोचले तेव्हा रस्त्यात एक ट्रॅक्टर अडकला होता. तो हलेपर्यंत मी पलीकडच्या बाजूला उभी राहिले. तेवढ्यात बाजूच्या बांगड्यांच्या दुकानातली चाची बाबांच्या दुकानात शिरली. तिनं मशीनवरच्या छोट्या उशीतून एक सुई काढली, दोरा ओवला, सुई परत टोचली आणि निघून गेली. एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळानं भाजीवाली बाई टोपली खाली ठेवून आत गेली आणि तिनंही तेच केलं. मला वाटलं, काही चेष्टा चाललीय.

ट्रॅक्टर हलला. मी पायरी चढून दारात उभी राहिले. बाबांनी मान वर केली आणि हसून म्हणाले,

"या ना बाई, बसा. काय शिवाचं हाये तुमाले?"

हातात गरम डबा घेऊन मी दारातच उभी. बाबा माझ्याकडेच बघत होते. तेच गिऱ्हाइकाला दाखवायचं हसू. "मापाचा ब्लाउज आणला का?" त्यांनी हात पुढे केला.

चाची बाजूनं ओरडली, "अरे भाऊ, पोरगी हाये तुमची!"

बाबांचा हात तसाच राहिला. मग म्हणाले, "मागून ऊन येते ना. उजेडात तोंड दिसत नाई कोणाचं."

मी आत जाऊन बसले. डबा उघडला, वाढलं. त्यांनी आधी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग भाताला हात लावला. घरी रात्री आम्ही टीव्हीसमोर जेवतो. हे बोट मला कधी दिसलं नव्हतं. पेपर बंद केला तेव्हा म्हणाले होते, त्यात आता वाचासारखं काय राह्यलं. फोन लावायचा तर माझ्याकडे द्यायचे. मी त्याला म्हातारपणाचा आळस समजले होते.

जेवण झाल्यावर मी चाचीकडे गेले. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाले असतील," ती म्हणाली. "मशीनचा दोरा ते तुटूच देत नाई. रीळ संपलं का नव्या दोऱ्याची गाठ मारून ओढून घेतात. हातशिलाईची सुई मात्र कोणी ना कोणी ओवून देते. रंग मी सांगतो. तुले माईत नव्हतं?" तिला खरंच नवल वाटलं होतं. "आमाले वाटलं, तूच दवाखान्यात दाखवून राह्यली."

सगळ्या ओळीला माहीत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवालीला माहीत होतं. मी एका छताखाली राहत होते.

संध्याकाळी बाबांवर खूप चिडले. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले एक रविवार भेटे," ते शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी तू कपडे धू, बाजार कर, झोप. त्यात माह्ये डोये कुठी बसवाचे?"

पुढचा शनिवार चंद्रपुरात गेला. डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकून बसवून ठेवलं. मी मोतीबिंदूची तयारी करून गेले होते आणि उजव्या डोळ्याचं तसंच निघालं. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाल्या, "या डोळ्याची गेलेली नजर आता परत येणार नाही. वर्षभर आधी आला असतात तर थोडी वाचवता आली असती." मी बाबांकडे पाहिलं नाही. ते डॉक्टरांना विचारत होते, शिलाई कधीपासून करता येईल.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काऊन वं, एवढी वाळली?"

मला वाटतं, त्या एका वाक्याचा धक्का मला सगळ्यात जास्त बसला. तेही मला न बघताच राहत होते की.

आता शनिवारी मी दुकानात जाते. काजं आणि हूक माझ्याकडे. बाबा मशीन चालवतात, डाव्या बाजूनं कोणी आलं तर पूर्ण मान वळवून पाहतात. डाव्या डोळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ थेंब टाकावे लागतात, उरलीसुरली नजर तेवढी तरी टिकावी म्हणून. दुपारी दीडला शटर अर्धं ओढून आम्ही जेवतो. ते खाली मान घालून जेवतात आणि मी भर उजेडात त्यांच्याकडे बघत बसते. कधी त्यांच्या लक्षात येतं, मग म्हणतात, "जेव ना, थंडं होते."

ऑफिसातल्या बायका सोमवारी विचारतात, दोन दिवस काय केलं. मी सांगते, काही नाही, घरीच होते.