अण्णांनी आणलेली तांबडी बस

मामा सोमवारी वारले. गुरुवारी मामीने मला बसची हकीकत सांगितली.

जगातलं एकही सील खरं नसतं, असं मानणारे माझे मामा हे सीलबंद जुन्या खेळण्यांचे बहुधा एकमेव संग्राहक असावेत. नवं खोकं आलं की ते त्याचा वास घेत, कानाशी धरून हलवत, भिंगातून प्लास्टिकची शिवण पाहत आणि शेवटी उसासा टाकून म्हणत, “कुणीतरी उघडलंय.” माझ्या बहिणीच्या लग्नात आहेरातला लेमन सेटही त्यांनी असाच तपासला आणि तो दुसऱ्यांदा गुंडाळलेला आहे, हे देणाऱ्याच्या देखतच जाहीर केलं. त्यांच्या परीक्षेत एकच वस्तू उतरली होती: अक्कलकोटचे त्यांचे बालमित्र अण्णा यांनी एका बंद दुकानाच्या माळ्यावरून आणलेली चावीची तांबडी बस. एकदा खरी ठरवल्यावर मामांनी ती पुन्हा कधी तपासली नाही.

खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, मामा ही खोकी पुजत. एका वर्षी पूजा उचलताना मामीच्या हातून समईचं तेल बसवर सांडलं. पूजेचं कुंकू तेलात मिसळून प्लास्टिक माखलं. घाबरून तिने बस शेजारच्या चादरींच्या कारखान्यात नेली आणि पॅकिंगच्या यंत्रावर नवं प्लास्टिक चढवून आणलं. चादरीसारखं, अगदी घट्ट.

पुढे पुण्याहून बस बघायला एक गिऱ्हाईक आलं. शिवण पाहून म्हणालं, हे प्लास्टिक अलीकडचं आहे. मामा दुसऱ्याच दिवशी एसटीने अक्कलकोटला गेले आणि अण्णांच्या भर दुकानात त्यांना म्हणाले, “तू मला फसवलंस.” अण्णा फक्त “बरं” म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं दोघं भेटले नाहीत.

मामीला मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “आधी ते चिडलेले होते. मग गप्प झाले. गप्प माणसाला कसं सांगायचं?”

तेराव्याला अण्णा आले. मामीने त्यांना सगळं सांगितलं.

“वहिनी, त्यानं मला इचारलंच न्हाय की,” ते म्हणाले. “आणि इचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? माज्या आदी ती कुणी गुंडाळली, मला तरी कुटं ठावं?”

मामांचा राग चुकीचा होता, एवढं आता कळलं. पण त्यांची पहिली परीक्षा बरोबर होती का, हे सांगणारं ते जुनं प्लास्टिक मामीने त्याच दिवशी फेकून दिलं होतं.

अण्णा आता महिन्यातून एकदा मामीकडे चहाला येतात. बस माझ्याकडे आहे. ती खरी आहे की नाही, मला माहीत नाही.