ओव्हनमधले सोयरे

तमाम नातेवाईक, इष्टमित्र आणि तोंडओळख असलेल्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कळमनुरीला आमच्या साडूंच्या घरी जाताना चेहरा शक्यतो झाकून जावे. पुढच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माणसापेक्षा त्याच्या नाकाला जास्त ओळखणारा हा एकच इसम आहे. तुम्ही चहा पीत तुमच्या बीपीचं सांगत असता आणि हे गृहस्थ तुमच्या हनुवटीखालच्या वळ्या न्याहाळत असतात. पंधरा दिवसांनी तुम्ही त्यांच्या टीव्हीशेजारी वीतभर उंचीचे होऊन बसलेले असता. मीही बसलेलो आहे. माझ्या पोटाला माती पुरेना, म्हणून खास नवीन पाकीट मागवावं लागलं, हे त्यांनी मला फार आनंदाने सांगितलं.

माती म्हणजे शेतातली नव्हे. पॉलिमर क्ले नावाचं हे रंगीत प्लॅस्टिक. कणकेसारखं मळायचं, आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजून कडक करायचं. साडूंचं नांदेड रस्त्याला विहिरीवरच्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी तिथे रांगेत ताटकळत असतात आणि त्यांच्यासाठी आणलेल्या तारेतून साडू नातेवाइकांचे सांगाडे वळत असतात. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, मोटार उद्याही भरता येते, आत्याबाईच्या तोंडावरचा आजचा राग उद्या कुठून आणू.

त्यांची पद्धत अशी की डोकी एका दिवशी भाजायची, हातपाय दुसऱ्या दिवशी, मग सगळं जोडायचं. त्यामुळे स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलं की ट्रेमध्ये ओळीने आपलेच मामा, काका नुसत्या डोक्यांनी आपल्याकडे बघत असतात. ओव्हन आमच्या मेव्हणीने केकसाठी घेतला होता. केक एकदाच झाला. त्याला प्लॅस्टिकचा वास आला आणि पाहुण्यांनी मोठ्या मनाने तो व्हॅनिला समजून खाल्ला. शेवेचा सोऱ्या क्लेचे केस पाडण्याच्या कामी गेला. गेल्या दिवाळीत शेवेत केस निघाला, तेव्हा तो माणसाचा की क्लेचा यावरच अर्धा तास गेला. आमच्या सासूबाईंचं डोकं ओव्हनमध्ये असताना लाइट गेली, तर या माणसाने लाइनमनला फोन लावला, "भाऊ, सासूबाई अर्ध्याच भाजल्या. लाइट कवा येऊन राहिली?" लाइट लगेच आली. पाठोपाठ, खात्री करून घ्यायला, लाइनमनही आला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण साडूंच्या लेकीचं लग्न ठरलं, जवळा बाजारच्या घरात. मुलाची आई बोलायला कडक. साखरपुड्याला वहीच्या कागदावर वाढलेला चिवडा त्यांनी परत पाठवला होता. रुखवत म्हटलं की पोरीच्या घरची हातची कला मांडायची, वरपक्षाच्या बायकांनी येऊन ती बघायची आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्यावर बोलायचं. मेव्हणीने नवऱ्यापुढे अक्षरशः हात जोडले. "लेकराला तिथं जलम काढायचाय. रुखवतात किल्ला करा, मोर करा, पण सोयऱ्यांच्या तोंडाला हात लावू नका." साडू व्हय म्हणाले आणि त्याच आठवड्यात साखरपुड्याचे फोटो बघून त्यांनी व्याह्यांचं अख्खं घर मळायला घेतलं.

देखावा होता त्यांच्या घरच्या पंगतीचा. व्याही, दीर, पुतणे मांडी घालून बसलेले आणि विहीणबाई पळी घेऊन वाढत उभ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी शेवटचा ट्रे आत असताना लाइट गेली. साडूंनी काय बिघडलं म्हणून ओव्हनच्या तापमानाचं बटण पूर्ण फिरवून पाहिलं आणि ते तसंच ठेवून मंडपवाल्याशी भांडायला गेले. मधेच लाइट आली. परत आले तोवर घरभर धूर आणि ट्रेमध्ये विहीणबाईंचं कमरेखालचं सगळं कोळशासारखं काळं. नवी माती मागवायला वेळ नव्हता. एका पुतण्याची जादा केलेली मांडी शिल्लक होती. साडूंनी तिच्यावर हिरव्या साडीचा उरलेला तुकडा गुंडाळला, वर विहीणबाईंचं धड बसवलं, हातातली पळी काढून घेतली आणि त्यांना गडीमाणसांच्या पंगतीत, थेट व्याह्यांशेजारी, भरल्या ताटावर बसवून टाकलं.

आम्हाला हे मंगल कार्यालयातच दिसलं. वरपक्षाच्या बायका आल्या, रुखवतापाशी थबकल्या आणि त्यांच्यातली एक, विहीणबाईंची जाऊ, म्हणाली की ही कुठली रीत, बाईमाणूस गडीमाणसांच्या पंगतीला ताटावर. मेव्हणीने माझ्या बायकोचा दंड धरला. हळदीच्या अंगाने उभी असलेली पोरगी खाली मान घालून बांगड्या मागेपुढे करत राहिली. आणि साडू, ज्यांना गप्प बसणं कधीच जमलं नाही, ते ओव्हनचं तापमान समजावून सांगू लागले.

विहीणबाई पुढे आल्या. चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला आणि वाकून बघितलं. नाकाबद्दल काही बोलल्या नाहीत. एक बोट पुढे करून त्यांनी ते इवलंसं ताट, त्यातली भाकर, वाटीतलं वरण हळूच चाचपलं. मग मागे उभ्या असलेल्या जावांकडे न वळता, कुणाला म्हणून नाही, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढी वर्षं झाली, पण माझ्याच घरच्या पंगतीला मी बसलेली आज पहिल्यांदा बघून राहिले."